पी/ई सहा आहे म्हणून शेअर स्वस्त? आधी कर्ज वाचा

अंबडचा_लेखापाल (धागाकर्ता)

नाशिकमध्ये सध्या कुठल्याही कट्ट्यावर बसा, एक टिप हमखास कानावर येते. २०२७ च्या कुंभमेळ्याची कामं निघाली आहेत, रस्ते, पूल, मलनिस्सारण करणाऱ्या अमुक कंपनीचा पी/ई (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर वार्षिक नफा) सहा आहे, शेअर पुस्तकी मूल्याच्या (मालमत्ता वजा देणी) खाली मिळतोय, घेऊन ठेवा. कामं निघाली आहेत हे खरंच आहे. पण पी/ई सहाच का आहे, हे कुणी विचारत नाही. मी अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशेब पाहतो. सीसी लिमिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँकेची कर्जमर्यादा, आणि टर्म लोनचे, म्हणजे मुदतीच्या कर्जाचे, हप्ते यांच्याशी रोजची गाठ, त्यामुळे मला तोच प्रश्न आधी पडतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन कंपन्या, धंदा अगदी सारखा. दोघींचा व्याज, घसारा आणि कर वजा करण्याआधीचा नफा, म्हणजे एबिटडा, २५० कोटी. घसारा ६० कोटी. पहिलीवर एक रुपयाही कर्ज नाही, बाजारमूल्य १,५०० कोटी. दुसरीवर ९०० कोटींचं कर्ज, १० टक्क्यांनी ९० कोटी व्याज, बाजारमूल्य ६०० कोटी. कर २५ टक्के धरा. पहिलीचा निव्वळ नफा १४२.५ कोटी, पी/ई साधारण साडेदहा. दुसरीचा नफा ७५ कोटी, पी/ई आठ. शेअर गाळून देणारा स्क्रीनर लावला की दुसरी आधी दिसणार आणि आपण तिला स्वस्त म्हणणार.

आता अख्खा धंदा विकत घ्यायचा तर काय पडेल ते काढा: बाजारमूल्य अधिक कर्ज, वजा हातातली रोकड. रोकड शून्य धरली तर दोन्ही १,५०० कोटींच्याच आहेत, एबिटडाच्या सहापट. दुसरीवर बाजाराने एका पैशाचीही सूट दिलेली नाही. पी/ईमधला फरक फक्त कर्जामुळे दिसतोय.

पुढचं वर्ष मंदीचं गेलं आणि एबिटडा २०० कोटींवर आला, तर पहिलीचा नफा १०५ कोटी होतो, म्हणजे २६ टक्के घट. दुसरीचा ३७.५ कोटी, थेट निम्मा. एबिटडा १५० कोटींवर आला तर दुसरीचा नफा शून्य. पहिली त्या वर्षीही ९० कोटी करपूर्व नफा कमावते. आणि हे सगळं फक्त व्याजाचं झालं, मुद्दलाचे हप्ते अजून धरलेच नाहीत.

स्वस्त शेअर बहुधा अडचणीतल्या धंद्याचेच असतात. धंदा दोन-तीन वर्षांत सावरेल हा आपला अंदाज बरोबरही निघेल, पण ती दोन-तीन वर्षं कंपनीला मिळतील का, हे कर्ज ठरवतं. म्हणून कर्ज किती यापेक्षा ते कधी फेडायचंय आणि कशातून फेडायचंय, हे मी आधी बघतो. इतरांचे अनुभव वाचायला आवडतील.

इंदिरानगरची_नवशिकी

उदाहरण छान समजलं, आभारी आहे. माझा प्रश्न साधा आहे. मग सरळ शून्य कर्जाच्याच कंपन्या का घेऊ नयेत? आणि घ्यायच्याच असतील तर डेट-इक्विटी, म्हणजे भागभांडवलाच्या किती पट कर्ज, किती असली की चालेल? कुठे १ लिहिलेलं असतं, कुठे ०.५, कुठे २.

अंबडचा_लेखापाल

ताई, एकच आकडा सगळ्या धंद्यांना लावता येत नाही म्हणून ते वेगवेगळं लिहितात. वीज घ्या. केंद्रीय वीज नियामक आयोग प्रकल्पाचा दर ठरवताना ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के भागभांडवल हेच प्रमाण धरतो, आणि दरातून व्याजाची भरपाई होते. तिथे डेट-इक्विटी दोनच्या वर दिसली तर घाबरायचं कारण नाही. तेच प्रमाण वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत दिसलं तर मी हात लावणार नाही, कारण तिथे ऑर्डर एका तिमाहीत आटते.

कारखानदारी कंपन्यांसाठी बेंजामिन ग्रॅहॅम यांची जुनी कसोटी मला आजही उपयोगी वाटते. चालू मालमत्ता (वर्षभरात रोकड होणारी) चालू देण्यांच्या निदान दुप्पट असावी आणि दीर्घ मुदतीचं कर्ज निव्वळ चालू मालमत्तेपेक्षा (चालू मालमत्ता वजा चालू देणी) जास्त नसावं. आजच्या बाजारात ही गाळणी फार बारीक आहे, बऱ्याच चांगल्या कंपन्याही तिच्यात अडकतात. पण दुसरा भाग लक्षात ठेवावा असा आहे. उद्या धंदा थांबला तर माल विकून आणि उधारी वसूल करून कर्ज फिटतं का, हा त्यामागचा प्रश्न आहे.

शून्य कर्ज ही चांगलीच गोष्ट. फक्त ते खरंच शून्य आहे का हे तपासा. भाडेपट्ट्याची देणी १ एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६ या हिशेब मानकाप्रमाणे ताळेबंदात येतात, त्यामुळे दुकानांची साखळी किंवा विमान कंपनी बघताना ती धरावीच लागतात. उपकंपनीच्या कर्जाला दिलेली हमी ताळेबंदासोबतच्या टिपांमध्ये (नोट्समध्ये) असते. म्हणून एकत्रित ताळेबंदच उघडायचा, एकट्या मूळ कंपनीचा नाही.

दिंडोरीची_द्राक्षबाग

थोडा विरोध नोंदवतो. कर्जाला सरसकट वाईट ठरवू नका. कर्ज काढल्याशिवाय ना शीतगृह उभं राहतं, ना पॅकहाउस. आमच्या भागात ज्यांनी वेळेवर कर्ज काढून निर्यातीची सोय केली तेच पुढे गेले.

पण धागाकर्त्यांचा "कधी आणि कशातून" हा मुद्दा शेतकऱ्याला लगेच कळेल. पीककर्ज वर्षात फेडायचं असतं. ते उचलून कुणी शीतगृह बांधायला घेतलं तर शीतगृह कितीही चांगलं चालणारं असो, मार्चअखेरीला तो अडकणारच. शीतगृहाचा पैसा सात-आठ वर्षांनी सुटतो आणि सोसायटीचा सचिव मार्चमध्ये दारात असतो.

अंबडचा_लेखापाल

दादा, अगदी हेच पायाभूत प्रकल्प उभारणाऱ्या आयएल अँड एफएस समूहात झालं. रस्ते, बोगदे, वीज प्रकल्प अशी वीस-वीस वर्षांत पैसा परत देणारी कामं आणि हाताशी कमर्शियल पेपरसारखी काही महिन्यांची उसनवारी. जुनं कर्ज नव्या कर्जातून फेडायचं चक्र २०१८ मध्ये थांबलं आणि सप्टेंबरपर्यंत समूहाचे हप्ते एकामागून एक थकले. एकूण कर्ज ९०,००० कोटींच्या वर. पत मानांकन त्याच वर्षीच्या ऑगस्टपर्यंत सर्वोच्च, ट्रिपल ए होतं.

माजी_कर्जअधिकारी

बँकेत कर्ज विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे, कॉलेज रोडला असतो. धागा चांगला चालला आहे म्हणून सविस्तर लिहितो. गुंतवणूकदार गुणोत्तरांवर फार वेळ घालवतात आणि जिथे सगळं स्पष्ट लिहिलेलं असतं ती पानं उघडत नाहीत.

पहिलं पान लेखापरीक्षकांच्या अहवालाच्या परिशिष्टाचं. लेखापरीक्षकाने काय काय नोंदवायचं ते ठरवणारा कारो २०२० हा आदेश आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून लागू आहे. त्यातली तीन कलमं मी सोडत नाही. कर्जाचा हप्ता किंवा व्याज थकलं का, हे त्यात सांगावं लागतं. अल्प मुदतीचा पैसा दीर्घ मुदतीच्या कामासाठी वापरला का, हेही सांगावं लागतं. वर द्राक्षबागवाल्यांनी शीतगृहाचं सांगितलं, तेच हे कलम. तिसरं, खेळत्या भांडवलाची मर्यादा ५ कोटींच्या वर असेल तर बँकेला दर तिमाहीला दिलेली विवरणपत्रं आणि कंपनीची पुस्तकं जुळतात का. बँकेला माल १०० कोटींचा दाखवला आणि पुस्तकात ७० कोटींचा असेल तर ड्रॉइंग पॉवर, म्हणजे मालाच्या जोरावर उचलता येणारी रक्कम, फुगवलेली आहे. एवढं दिसलं की मी पुढचं वाचत नाही.

दुसरं पान आर्थिक टिपांमधलं. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात २०२१ मध्ये बदल झाले. आता टर्म लोनचा येत्या वर्षात देय असलेला भाग अल्प मुदतीच्या कर्जातच वेगळा दाखवावा लागतो. तो आकडा घ्या, त्यात व्याज मिळवा आणि धंद्यातून आलेल्या रोकडीशी लावून बघा. व्याजाच्या तिप्पट नफा आहे म्हणून लोक निर्धास्त असतात आणि हप्ता व्याजापेक्षा मोठा असतो. बँक कर्ज देताना व्याज आणि मुद्दल दोन्ही भागतात का हेच पाहते. ते गुणोत्तर, डीएससीआर, आता टिपांमध्ये छापावं लागतं, आणि वर्षभरात २५ टक्क्यांहून जास्त बदललं तर कारणही द्यावं लागतं. ती कारणं वाचा. "व्यवसाय वाढल्यामुळे" एवढंच लिहून मोकळी होणारी कंपनी आणि नेमकं कारण देणारी कंपनी, दोन्ही तुम्हाला लगेच ओळखू येतील.

तिसरी गोष्ट फुकट मिळते, तरी लोक बघत नाहीत. क्रिसिल, इक्रा, केअर या पत मानांकन संस्थांच्या संकेतस्थळांवर मानांकनाची कारणमीमांसा असते. कुठल्या बँकेचं किती कर्ज, मर्यादेचा सरासरी किती वापर, पुढचे हप्ते किती, बरंच काही त्यात सापडतं. सीसी मर्यादा सतत ९५ टक्के वापरलेली असेल तर कंपनीकडे श्वास घ्यायला जागा नाही. आणि कंपनीच्या नावापुढे "इश्युअर नॉट को-ऑपरेटिंग" असा शेरा दिसला, म्हणजे कंपनी मानांकन संस्थेला माहितीच देत नाही, तर शेअर कितीही स्वस्त दिसो, मी बाजूला होतो. आयएल अँड एफएसचा दाखला वर आलाच आहे. तेव्हा मानांकनाच्या अक्षरांवर विसंबू नका, त्याखालचा मजकूर वाचा.

एक ताळा घरी करून बघण्यासारखा आहे. वर्षाचं व्याज भागिले वर्षाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या कर्जाची सरासरी. कंपनीला बाजारात १० टक्क्यांनी कर्ज मिळत असेल आणि उत्तर १७ टक्के आलं, तर वर्षभर कर्ज जास्त होतं आणि ३१ मार्चपुरतं खाली आणलं, अशी शंका घ्यावी. उत्तर ४ टक्के आलं तर व्याज चालू प्रकल्पाच्या खर्चात टाकलं जातंय का ते बघा. नियमाने ते चालतं, पण नफा-तोटा पत्रकात ते व्याज दिसत नाही. रोख प्रवाह पत्रकात "भरलेलं व्याज" अशी ओळ असते, ती खरी.

सातपूरचा_व्हेंडर

काकांनी बँकेची बाजू सांगितली, मी खालून दिसणारी सांगतो. आमचं छोटं वर्कशॉप आहे, मोठ्या कंपन्यांना मशीनिंग करून देतो. एका कंपनीने गुंतवणूकदारांना कर्ज कमी केलं म्हणून अभिमानाने सांगितलं, त्याच वर्षी आमची बिलं चार-चार महिने अडकली. बँकेचं कर्ज उतरलं, पुरवठादाराचं चढलं. आमच्या पैशाला व्याज लागत नाही, म्हणून ते कर्जाच्या रकान्यात येत नाही, एवढंच.

ताळेबंदात हे कुठे सापडेल तर देय बिलांमध्ये. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी वेगळी दाखवावी लागतात, आणि २०२१ च्या त्याच बदलांनंतर किती बिलं किती काळ थकली याचा तक्ताही द्यावा लागतो. एमएसएमई कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात. आयकराच्या ४३बी(एच) कलमाने आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून उशीर झालेल्या बिलाची वजावट पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत मिळत नाही, त्यामुळे काही कंपन्या मार्चमध्ये घाईने बिलं चुकवतात आणि एप्रिलपासून पुन्हा तेच. म्हणून मार्चचा तक्ता चांगला दिसला तरी सप्टेंबरचा ताळेबंद त्याच्याशेजारी ठेवून बघा.

दिंडोरीची_द्राक्षबाग

व्हेंडर भाऊंचा मुद्दा हंगामी धंद्यात उलटाही लागू होतो. साखर कारखान्याचा गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. ३१ मार्चला गोदामं भरलेली आणि त्यावरचं बँकेचं कर्जही जवळपास शिखरावर. तोच ताळेबंद सप्टेंबरअखेरीला बघितला तर कर्ज निम्म्याने उतरलेलं असू शकतं. आपल्याकडच्या वाईन धंद्याचंही थोडं तसंच. द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये घ्यायची, वाईन मुरणार आणि विकणार पुढे. साठ्यामागचं कर्ज आणि तोटा भरून काढायला घेतलेलं कर्ज एका तराजूत तोलू नये.

इंदिरानगरची_नवशिकी

खूप माहिती मिळतेय. मला अजून एक समजत नाही. समजा कंपनी बुडालीच, तर जमीन, यंत्रं विकून भागधारकांना काहीतरी मिळेलच ना? पुस्तकी मूल्य शेअरच्या भावापेक्षा जास्त आहे म्हणूनच तर आपण घेतो.

अंबडचा_लेखापाल

ताई, ही समजूत सर्वांत जास्त पैसा खाते. दिवाळखोरी संहिता २०१६ च्या कलम ५३ मध्ये वाटपाचा क्रम दिलेला आहे. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारण असलेल्या बँका, मग इतर देणी, सरकार, आणि सगळ्यांत शेवटी सामान्य भागधारक. डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचं प्रकरण २०२१ मध्ये मिटलं, नव्या मालकाने कंपनी घेतली आणि जुन्या भागधारकांचे शेअर शून्य किमतीने बाजारातून काढून टाकले गेले. कंपनी संपली नव्हती, भागधारक संपले. शेवटच्या महिन्यांतही लोक "आता याहून खाली कुठे जाणार" म्हणत ते शेअर घेत होते.

आपल्या जवळचं उदाहरण ज्योती स्ट्रक्चर्सचं. वीजवाहिन्यांचे मनोरे नाशिकमध्ये बनवणारी, घोटीजवळ मनोऱ्यांची चाचणी घेणारी कंपनी. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने दिवाळखोरी प्रक्रियेकडे पाठवलेल्या पहिल्या १२ मोठ्या खात्यांत भूषण स्टील, एस्सार स्टीलबरोबर तिचंही नाव होतं. कुंभमेळ्याच्या कामांची टिप देणाऱ्यांना मी हे नाव आठवून देतो, कारण कंत्राटी धंद्याचं गणित सगळीकडे सारखं आहे. ऑर्डर मिळाली की पैसा आधी बाहेर जातो: बँक गॅरंटीचं मार्जिन, पोलाद, मजूर. बिल मंजूर होतं हळूहळू, त्यातलाही काही भाग रिटेन्शन म्हणून अडकून राहतो. सरकारी खात्याने जागा ताब्यात दिली नाही की काम थांबतं, व्याज थांबत नाही. अशा कंपनीत ऑर्डर बुक फुगणं म्हणजे कर्जाची गरज फुगणं. तिथे वसुलीचे दिवस बघितल्याशिवाय पी/ईकडे बघूच नये.

पुस्तकी मूल्यात हीच थकलेली बिलं आणि लवादात अडकलेले दावे मालमत्ता म्हणून बसलेले असतात, हेही ध्यानात ठेवा.

माजी_कर्जअधिकारी

यात दोन गोष्टींची भर. संभाव्य देणी वाचा. दूरसंचार कंपन्यांच्या एजीआरचा, म्हणजे सरकारचा वाटा ज्या महसुलावर मोजायचा त्याचा, वाद वर्षानुवर्षं टिपांमध्ये होता. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २४ ऑक्टोबर २०१९ ला लागला आणि व्होडाफोन आयडियाने सप्टेंबर २०१९ ला संपलेल्या तिमाहीत पन्नास हजार कोटींहून जास्त तोटा दाखवला. ज्यांनी फक्त कर्जाचा रकाना पाहिला त्यांना हा आकडा आकाशातून पडल्यासारखा वाटला.

दुसरं, प्रवर्तकांचे गहाण शेअर. दर तिमाहीच्या भागधारणा तक्त्यात ते असतं. कंपनीवर कर्ज कमी आणि प्रवर्तकावर जास्त, अशीही स्थिती असते. भाव पडला की सावकार गहाण शेअर विकतो, त्याने भाव आणखी पडतो. मला गहाणाचं प्रमाण वाढताना दिसलं तर कंपनीचा नफा वाढत असला तरी मी थांबतो.

सातपूरचा_व्हेंडर

मग कर्जबाजारी कंपनीत कधीच पैसे लावू नयेत का? सुझलॉनमध्ये लोकांनी कमावले की.

अंबडचा_लेखापाल

कमावले, पण कधी घेतलं त्यावर सगळं आहे. सुझलॉनने ऑक्टोबर २०१२ मध्ये परकी चलनातले परिवर्तनीय रोखे थकवले. त्यानंतर पुनर्रचना झाल्या, नवे शेअर निघत गेले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये २,००० कोटींचं भांडवल उभारून कर्ज फेडलं गेलं. म्हणजे मध्ये दहा-अकरा वर्षं गेली आणि तेवढ्यात जुन्या भागधारकाचा हिस्सा पातळ होत गेला. कंपनी वाचते तेव्हाही तिला वाचवण्याचा खर्च बहुधा भागधारकच उचलतो.

मी कर्ज असलेली कंपनी घेतो, पण ते कमी होताना दिसू लागल्यावर. धंद्यातल्या रोकडीतून कर्ज उतरतंय का, नवं भांडवल काढून उतरतंय का, की जमीन विकून, हे तिन्ही वेगळं मोजतो. रोकडीतून उतरत असेल आणि बाजार अजून जुन्या भीतीनेच भाव देत असेल, तर ती खरी स्वस्ताई. तळाचा भाव मला मिळत नाही. चालतं.

आणखी एक, व्याजदर. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. आमच्याच कारखान्याच्या सीसीचं व्याज त्या काळात कसं चढत गेलं ते मी दर महिन्याला नोंदवत होतो. माझ्या वरच्या उदाहरणातल्या ९०० कोटींवर अडीच टक्के म्हणजे साडेबावीस कोटी, आणि करपूर्व नफा १०० कोटींचा. कर्ज तरत्या दराचं आहे की स्थिर, हे टिपांमध्ये लिहिलेलं असतं.

इंदिरानगरची_नवशिकी

बँका आणि एनबीएफसींना (बँक नसलेल्या वित्त कंपन्यांना) हेच लावायचं का? त्यांची डेट-इक्विटी सात-आठ दिसते.

माजी_कर्जअधिकारी

नाही. पैसा हाच त्यांचा कच्चा माल आहे. तिथे भांडवल पर्याप्तता, थकीत कर्जांचं प्रमाण आणि येणी-देणींच्या मुदती जुळतात का हे बघायचं. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

इंदिरानगरची_नवशिकी

तुम्ही सगळ्यांनी सांगितल्याप्रमाणे मला टिप मिळालेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल काढला, नाव इथे लिहीत नाही. पी/ई सहाच आहे. कारोच्या परिशिष्टात अल्प मुदतीचा पैसा दीर्घ मुदतीसाठी वापरल्याची नोंद सापडली. बँकेची विवरणपत्रं मात्र जुळतात. पुढच्या वर्षात देय असलेले हप्ते आणि व्याज मिळून धंद्यातून आलेल्या रोकडीपेक्षा जास्त आहेत. प्रवर्तकांचे शेअर गहाण नाहीत. मानांकन संस्थेने मर्यादेचा वापर ९० टक्क्यांवर असल्याचं म्हटलंय. आता घेऊ की नको?

माजी_कर्जअधिकारी

घे किंवा नको हे मी सांगणार नाही, पण तुमच्या जागी मी काय केलं असतं ते सांगतो. सप्टेंबरअखेरचे निकाल येऊ दिले असते. सहामाहीला ताळेबंद आणि रोख प्रवाह पत्रक दोन्ही मिळतात, जून आणि डिसेंबरच्या निकालात ते बंधनकारक नसतात. त्यात तीन आकडे पाहिले असते: येणी वाढली की कमी झाली, अल्प मुदतीचं कर्ज किती, आणि हप्ते भरायला पैसा आला कुठून. तोवर शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीच्या घोषणांवर नजर ठेवा. कर्जाचा हप्ता ३० दिवसांहून जास्त थकला तर सूचिबद्ध कंपनीला २४ तासांच्या आत जाहीर करावं लागतं. या काळात भाव वीस टक्के वर गेला तरी जाऊ द्या. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत निकाल येतील, तेव्हा आकडे इथेच टाका, मिळून बघू.